मागणारा कोण आहे?

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान साताऱ्यात आहे. दुरुस्तीला लॅपटॉप ठेवून जाणारी माणसं विचारायच्या आधीच पासवर्ड सांगून मोकळी होतात. कुणी तो चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवतं, कुणी चार गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने सांगतं. मोबाइलवाले बोटाने हवेत पॅटर्न काढून दाखवतात. "जीपेचा पिन लागला तर फोन करा, सांगतो," असंही म्हणणारे आहेत. पिन लागत नाही आणि तो कुणाला सांगायचाही नसतो, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तुम्ही काय परके आहात का?"

हीच माणसं एसटीत चढताना पाकीट पुढच्या खिशात सरकवतात. घराला कुलूप लावून दोनदा ओढून बघतात. एटीएममध्ये मागे कुणी उभं राहिलं तर त्याला बाहेर थांबायला सांगतात. म्हणजे सावधपणा अंगात आहे, भरपूर आहे.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आली की "लोक निष्काळजी असतात" हे वाक्य पाठोपाठ येतं. बँकेच्या पोस्टरवर आडवळणाने येतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी तर येतंच. इतकी वर्षं काउंटरमागे बसून माझं मत नेमकं उलट झालं आहे. साधी माणसं सुरक्षेचा विचार करतात, मनापासून करतात, फक्त त्यांचा प्रश्न वेगळा असतो. जाणकार विचारतो, ही लिंक कुठे नेते, ही फाइल उघडली तर काय करेल? घरातला माणूस विचारतो, मागणारा कोण आहे?

हा दुसरा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आमच्याकडच्या व्यवहाराची सगळी घडीच त्यावर बसलेली आहे. पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी दुकानात येतो, पैसे घेतो, हातातल्या मशिनमधून पावती फाडून देतो. ती पावती फारसं कुणी वाचत नाही. तो कुठल्या गल्लीत राहतो, त्याचे वडील काय करायचे, हे ठाऊक असतं, तेवढं पुरतं. भिशी अशीच चालते, किराण्याची उधारी अशीच चालते. माणूस एकदा ओळखीचा ठरला की कागद मागे पडतो. बहुतेक वेळा ही पद्धत बरोबर चालते, म्हणून तर ती टिकली. फोनवर मात्र माणूस समोर नसतो. त्याचं नाव, त्याचा फोटो आणि त्याचं बोलणं एवढंच पोचतं, आणि हे तिन्ही बनवता येतं.

दुकान नवं होतं तेव्हाची काळजी वेगळी होती. तेव्हा गिऱ्हाईक आत यायचं ते "व्हायरस आलाय" म्हणत, घरात कुणी तापाने फणफणल्यासारखं. सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून यायचं. बहुतेक वेळा मूळ सापडायचं ते पेनड्राइव्हमध्ये. त्यात 'न्यू फोल्डर' नावाचा एक फोल्डर दिसायचा. पिवळं चित्र अगदी खऱ्या फोल्डरचं, पण तो फोल्डर नसून प्रोग्रॅम असायचा. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवून ठेवायचं, त्यामुळे शेवटचं 'डॉट ईएक्सई' दिसायचंच नाही. फोल्डर समजून डबल क्लिक केलं की तो चालू व्हायचा आणि मशिनभर स्वतःच्या प्रती पसरवायचा. काही व्हायरसना तर तेवढ्या क्लिकचीही गरज नसायची. पेनड्राइव्ह खोचला की विंडोज त्यातली 'ऑटोरन' फाइल वाचून पुढचं काम आपणहून करायचं.

लोकांनी त्यावरून आपला नियम बनवला: बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. सायबर कॅफेतून आलेला तर नाहीच. नियम चांगला होता, कारण तो स्वतःच्या अनुभवातून आला होता. पण झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची तर पेनड्राइव्ह द्यावाच लागायचा, मग नियम पाळणार कसा? अखेर हा उपद्रव ओसरला तो मायक्रोसॉफ्टने स्वतःची चूक सुधारल्यावर. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हवरून आपोआप प्रोग्रॅम सुरू होणं बंद झालं आणि २०११ साली जुन्या विंडोजलाही तसं अपडेट गेलं. मग "व्हायरस आलाय" म्हणणारी गिऱ्हाइकं हळूहळू कमी होत गेली. लोक तेवढेच सावध होते जेवढे आधी होते, सापळा तेवढा काढून घेतला गेला होता. ही गोष्ट मी मनात जपून ठेवली आहे, कारण पुढे पुन्हा पुन्हा तिचाच प्रत्यय आला.

त्याच काळाने आणखी एक समजूत रुजवली, ती म्हणजे अँटिव्हायरस टाकला की झालं. आमच्या भागात त्या समजुतीला अभिमानाचीही एक कड आहे. क्विक हील उभी करणारे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या त्यांच्या भावाने, संजय यांनी, व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट किती उभारी देते ते मी सांगायला नको. क्विक हीलचा डबा आमच्या गावातल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या दुकानात असायचा. वर्षाला एक डबा, की पुढच्या वर्षापर्यंत बिनघोर. सुरक्षा ही विकत आणून बसवायची वस्तू आहे, असं एका पिढीच्या मनात बसलं ते इथूनच. आजही मोबाइलमधून पैसे गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "अँटिव्हायरस टाकायला हवा होता का?" त्याने स्वतः पिन टाकलेला असतो. त्याला अँटिव्हायरस काय करणार?

२०१५ मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक अभ्यास केला होता. सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही काय करता, असं त्यांनी जाणकारांना विचारलं आणि साध्या वापरकर्त्यांनाही विचारलं. साध्या लोकांच्या उत्तरांत अँटिव्हायरस सर्वांत वर होता, जाणकारांच्या उत्तरांत अपडेट. आमच्याकडे अपडेटचं नाव काढलं की लोक मागे सरतात, आणि त्याला कारण आहे. आठ-दहा हजारांचा मोबाइल, साठवण सदा भरलेली, लेकरांचे फोटो काढून टाकल्याशिवाय अपडेट बसत नाही, आणि बसलं की फोन अडखळायला लागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरची मशिन्स बंद पाडली, तेव्हा त्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, हे मी लोकांना सांगतो. पटतं त्यांना. पण फोन हळू झाल्याचा त्रास रोजचा आहे आणि वॉनाक्राय कधीतरीचं.

अमेरिकेत रिक वॉश नावाच्या संशोधकाने घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्या साध्या लोकांना बसवून विचारलं होतं, की हॅकर म्हणजे तुमच्या मते कोण. २०१० साली त्याने ते मांडलं. कुणाला तो हुशारी मिरवायला खोड्या काढणारा पोरगा वाटत होता, कुणाला घरफोड्या, आणि कुणाला बड्या धेंडांच्याच मागे लागणारा चोर. महत्त्वाचं पुढे आहे. ज्याच्या मनात हॅकरची जी प्रतिमा, त्याप्रमाणे तो कोणता सल्ला मानायचा आणि कोणता सोडायचा ते ठरवत होता. चोर मोठ्यांच्याच घरी जातो असं ज्याला वाटतं, तो स्वतःच्या दाराची काळजी का करेल?

हे वाचलं तेव्हा मला माझं काउंटर आठवलं. "आमच्या खात्यात असतंच किती?" हे वाक्य मी अंगणवाडी सेविकेकडून ऐकलं आहे, ट्रॅक्टरच्या मालकाकडून ऐकलं आहे, निवृत्त तलाठ्याकडूनही. त्यामागचा हिशोब सरळ आहे: चोर मेहनत करणार तर जिथे माल आहे तिथे. पण फोनवरच्या चोराला मेहनतच पडत नाही. तो नंबरांच्या याद्या घेऊन बसतो आणि एकामागून एक लावत जातो. आणि ज्याच्या खात्यात काही नाही, त्याचं खातंसुद्धा त्याला हवं असतं. दुसऱ्याचे लुटलेले पैसे थेट स्वतःच्या खात्यात घेतले तर तो पकडला जाईल, म्हणून ते अशा रिकाम्या खात्यांतून फिरवले जातात. कॉलेजच्या पोरांना काही हजार रुपयांचं आमिष दाखवून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं जातं. पोरांना वाटतं, आपल्या खात्यात काही नाहीच, मग जाणार काय? पुढे पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या नावाने.

माणूस ओळखीचा असणं हीच ज्यांची खूण, त्यांना गाठायची सर्वांत निर्दय रीत लग्नसराईत दिसते. व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, ती चुलतभावाच्याच नंबरवरून. फाइलचं नाव 'लग्नपत्रिका', आणि शेवटी 'एपीके', म्हणजे ती पत्रिका नसून अॅप. बोट लावलं की फोन इंग्रजीत इशारा देतो, अनोळखी ठिकाणचं अॅप टाकताय म्हणून. पण ठिकाण अनोळखी कसं? भावाने पाठवलंय. परवानगी दिली जाते. मग ते अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही दिली जाते. तिथून पुढे बँकेचे ओटीपी थेट चोराकडे, आणि त्याच फोनवरून तीच पत्रिका पुढच्या सगळ्या पाहुण्यांना. भावाचा फोन आधी याच रीतीने गेलेला असतो. असा एक फोन दुकानात आला तेव्हा त्याच्या मालकाला पैशांपेक्षा एका गोष्टीचं जास्त लागलं होतं. "माझ्या नावाने माझ्या बहिणीला गेलं हो ते," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आता ओटीपीकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल.

"ओटीपी कोणालाही सांगू नका." हे वाक्य आपण सगळे मेसेजमध्ये, पोस्टरवर, फोनच्या कॉलर ट्यूनमध्ये ऐकत आलो. रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर छापलेल्या आकड्यांशिवाय आणखी एक खात्री बंधनकारक केली ती २००९ पासून. नियम योग्य होता. पुढे काय झालं? गॅस सिलिंडर घेऊन येणारा कोड मागतो, सांगितल्याशिवाय टाकी उतरवत नाही. कुरिअरवाला मागतो. रिक्षा-टॅक्सीवाला मागतो. दवाखान्यात नोंदणी करताना मागतात, मोबाइलच्या दुकानात सिम घेताना मागतात. हे सगळे प्रामाणिक लोक आहेत आणि आपापलं काम करत आहेत. एका आठवड्यात साधा माणूस चार वेळा ओटीपी सांगतो आणि चारही वेळा चांगलंच घडतं. पाचव्या वेळी फोनवर कुणी मागितला की त्याने थांबावं, अशी आपली अपेक्षा असते.

२०२५ च्या सप्टेंबरपासून लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली, ते दिवस मी जवळून पाहिले. माझ्या शेजारी सेवा केंद्र आहे. सकाळपासून बायकांची रांग. आत ऑपरेटर, वय असेल बावीस-तेवीस, घामाघूम. बाईचा आधार क्रमांक टाकला की तिच्या मोबाइलवर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्याचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर. नवरा कामावर. "मावशी, मालकांना फोन लावा, आलाय बघा नंबर." मावशी फोन लावणार: "अहो, मेसेज आलाय बघा, तेवढे आकडे सांगा. लवकर सांगा, परत जाईल ते." पलीकडे तो माणूस एमआयडीसीत मशिनवर उभा. तो मेसेज उघडून आकडे वाचून दाखवायचा, मावशी मोठ्याने म्हणायच्या, रांगेतली पुढची बाई ते ऑपरेटरला पुन्हा सांगायची. साइट अडकली की सगळं पहिल्यापासून.

त्या पोराने कुणाला फसवलं नाही. उलट वीज गेली तेव्हा त्याने स्वतःच्या फोनचं नेट देऊन कामं उरकली. पण त्या काही आठवड्यांत जे शिक्षण झालं ते कुठल्याही पोस्टरने पुसणार नाही: सरकारी काम आहे, घाई आहे, आकडे आले की सांगायचे, उशीर केला तर पैसे बंद. याच काळात ई-केवायसीच्या नावाने बनावट साइटही निघाल्या. फसवणाऱ्याला नवी युक्ती शोधायचीही गरज नव्हती.

आणखी एक बारीक गोष्ट. ओटीपीचा मेसेज येतो तो इंग्रजीत. कशासाठी आला, किती रुपयांचा व्यवहार आहे, कुणाला जाणार आहे, हे सगळं त्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. फोन वरच्या पट्टीत आकडे तेवढे उचलून दाखवतो, 'कॉपी' करायची सोयसुद्धा देतो. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला त्या मेसेजमधलं काय दिसतं? सहा आकडे. सावध करणारं वाक्य तिच्यासमोर असून तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या मेसेजची पहिली ओळ मराठीत 'तुमच्या खात्यातून अमुक रुपये जाणार आहेत' अशी असती, तर कितीतरी बायका आपणहून थांबल्या असत्या, याची मला खात्री आहे. मी हे लोकांसमोर करून पाहिलं आहे. मेसेज मराठीत वाचून दाखवला की चेहराच बदलतो. "जाणार? येणार नाहीत?"

येणार की जाणार, हा गोंधळही मूर्खपणाचा नाही. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा तेव्हा पैसे घेणाऱ्याला सही करावी लागायची. पेन्शन घेताना सही, रेशन घेताना अंगठा. घेणाऱ्याने खूण द्यायची ही आपल्याकडची जुनी चाल. मग यूपीआयवर कुणी म्हणालं, "पैसे जमा व्हायला पिन टाका," तर त्यात वावगं काय वाटणार? जुना सोफा विकायची जाहिरात टाकली की हमखास फोन येतो: मी आर्मीत आहे, बदली झाली आहे, सोफा न बघताच घेतो. मग पैसे 'पाठवतो' म्हणून पैसे मागणारी रिक्वेस्ट येते, आणि पिन टाकला की खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सांगितलं गेलं. सांगून जे झालं नाही ते १ ऑक्टोबर २०२५ पासून एका निर्णयाने झालं: माणसाने माणसाला अशी पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवणंच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केलं. पेनड्राइव्हच्या वेळी घडलं तेच. मला एवढंच वाटतं, की हे करायला इतकी वर्षं का लागावीत? त्या वर्षांत ज्यांचे सोफ्याचे पैसे गेले ते मूर्ख ठरले, आणि रिक्वेस्टची सोय ठेवणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

दोष कुणाच्या माथी येतो हा प्रश्न नुसता भावनेचा नाही, तो पैशांचा आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ग्राहकाला चांगलं संरक्षण दिलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. पण ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितली असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. म्हणजे त्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी सांगितला की दार बंद. ज्या समाजात गॅसवाल्यापासून सरकारी योजनेपर्यंत सगळे ओटीपी मागतात, तिथे तो सांगणं हा एकट्या ग्राहकाचा निष्काळजीपणा कसा?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे चोरांचा घातक प्रोग्रॅम, शिरला. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवली गेली, मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. तो हल्ला आखीव होता आणि बँक त्याची बळी होती, सगळ्यांनी तसंच मानलं, ते बरोबरच होतं. मग त्याच सहानुभूतीतला थोडा वाटा, फोनवर फसलेल्या एकट्या बाईच्या वाट्याला का येऊ नये? तिच्यापुढेही आखणी करून, कागद घोकून, टोळीने बसलेले लोकच असतात.

सल्लेही नेहमी बरोबर नसतात. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदल, हा जगभर पसरलेला नियम एका अमेरिकन सरकारी संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून आला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. तोवर आमच्याकडे सगळ्यांनी मार्ग काढलेला होता: नाव, अॅट द रेट, १२३. पहिलं अक्षर मोठं. महिना झाला की १२४. माझ्याकडे आलेल्या दहा लॅपटॉपपैकी काहींचे पासवर्ड मी नाव ऐकूनच ओळखू शकतो. मी लोकांना सांगतो की पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा, पण बँकेचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. चोर दूर कुठेतरी बसलेला असतो, तो तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. हे ऐकून वयस्कर माणसांना केवढं सुटल्यासारखं वाटतं! आजवर त्यांना लिहून ठेवणं म्हणजे गुन्हा आहे असंच सांगितलेलं असतं.

'कुलपाचं चित्र बघा, मग साइट खरी' हाही तसलाच सल्ला. कुलूप एवढंच सांगतं की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधला कुणी वाचत नाही. पलीकडे चोर असेल तर त्याच्याशीही गुपचूप बोलणं होतंच. गुगलच्याच २०२१ च्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि २०२३ मध्ये क्रोमने ते चित्र काढून टाकलं. भारतातल्या बँकांच्या साइट 'बँक डॉट इन' या फक्त बँकांसाठी राखलेल्या पत्त्यावर नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा निर्णय मला म्हणूनच आवडला. पत्त्याचा शेवट बघ, एवढंच शिकवायचं.

'डिजिटल अरेस्ट'ने, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेने, तर मागणारा कोण या प्रश्नावरच घाला घातला. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे अशोकस्तंभ, टेबलावर फायली. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. असा कुठलाही कायदा नाही हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, तरी प्रकार थांबले नाहीत. यात सापडतात ती शिकलेली, निवृत्त, आयुष्यभर नियमाने वागलेली माणसं. "एवढे शिकलेले असून?" असं लोक विचारतात. शिकलेले म्हणूनच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकतो. दारात पोलीस दिसला तर गल्लीत काय बोलतील, या भीतीत आमची मध्यमवर्गीय घरं जगत आली. चोर त्या भीतीला हात घालतो. आणि पैसे गेल्यावरही तीच भीती तोंड बंद ठेवते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, पण तो तास मुलाला काय सांगू, सुनेला काय सांगू, यात निघून जातो. म्हणून फसलेल्याला हसणाऱ्या माणसाचा मला राग येतो. त्याच्या हसण्याने पुढच्याचा तो तास वाया जातो.

रिक वॉशच्याच सहकाऱ्यांबरोबरच्या २०१२ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की साधे लोक सुरक्षा शिकतात ती एकमेकांकडून ऐकलेल्या गोष्टींतून. माझ्या दुकानात हे रोज घडतं. एका निवृत्त मास्तरांना असाच 'मुंबईच्या साहेबांचा' फोन आला होता. मास्तर म्हणाले, "ठीक आहे, मी आमच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसतो, तुम्ही तिथल्या साहेबांशी बोला." फोन बंद झाला. मास्तरांना लिंक, सर्व्हर, आयपी यातलं काही कळत नाही. मागणारा कोण आहे, हा आपलाच प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत विचारला: असशील तर कुठल्या तरी ठाण्याचा असशील. ही हकिकत त्यांनी काउंटरवर सांगितली तेव्हा चार्जर घ्यायला आलेले दोघं थांबून ऐकत होते. महिन्याभराने त्यातला एक जण तीच हकिकत मला सांगत होता, मास्तरांच्या जागी स्वतःच्या सासऱ्यांना घालून. मी अडवलं नाही.

तेव्हापासून मी लोकांना एकच सांगतो. बँकेच्या नावाने फोन आला तर ठेवून द्या आणि पासबुकावर छापलेल्या नंबरला स्वतः फोन करा. हे चटकन पटतं, कारण ते त्यांच्याच रीतीचं आहे: माणूस खरा असेल तर त्याच्या जागेवर सापडेल. परवा एका काकूंनी माझ्यासमोरच तसं केलं. केवायसी संपली, खातं बंद होईल, असा मेसेज आला होता. त्यांनी चष्मा लावून पासबुकावरचा नंबर फिरवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसरा नंबर लावला तर इंग्रजी-हिंदीतला आवाज 'एक दाबा, दोन दाबा' सांगू लागला. "कुणी उचलतच नाही," काकू म्हणाल्या, "आणि त्या मेसेजमधला नंबर लावला तर लगेच उचलतील, नाही का?"

शाखा दोन चौक पलीकडे होती, त्या चालत गेल्या आणि खात्री करून आल्या. बामणोलीकडच्या माणसाला मात्र त्याच खात्रीसाठी एसटीने सातारा गाठायचं तर दिवस मोडतो. शाखेचा फोन उचलायला एक मराठी बोलणारा माणूस बसवावा, एवढं मागणं मी त्या बँकेच्या तक्रारवहीत लिहून आलो आहे.